मिगच्या नाकातला शंकू

1956 साली लॉकहीड कंपनीनं एफ-104 स्टारफायटर हे नवं लढाऊ विमान लोकांसमोर आणलं, तेव्हा त्याची दोन्ही तोंडं झाकलेली होती. पंख बघा, शेपूट बघा, निमुळतं नाक बघा. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या, बगलेतल्या दोन तोंडांवर मात्र पत्र्याची झाकणं. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या विमानाचं गुपित त्याच्या आखूड, पातळ पंखांत असेल असं कुणालाही वाटावं. लॉकहीडला तसं वाटत नव्हतं. त्या झाकणांमागे दोन अर्धे शंकू होते आणि शंकूंच्या अंगावर हवा शोषून घेणारी एक फट होती. तेवढंच लपवायचं होतं.

आठ वर्षांनी, मे 1964मध्ये, हेच विमान मागायला यशवंतराव चव्हाण वॉशिंग्टनला गेले. 1962च्या नोव्हेंबरात, चीनबरोबरच्या युद्धाच्या धामधुमीत, कृष्ण मेनन यांच्या जागी ते संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानानं सांगतो. धावून गेलेल्या सह्याद्रीच्या हातात कुठली विमानं होती, ते सांगायचं बहुतेक राहून जातं. पाकिस्तानच्या हवाई दलात स्टारफायटर दाखल झालेलं होतं. आपल्याकडे त्याला तोड म्हणून जेमतेम काही मिग-21 आलेली होती. अमेरिकेनं स्टारफायटर द्यायला नकार दिला. चव्हाण तिथं असतानाच 27 मेला पंडित नेहरू गेल्याची बातमी आली आणि दौरा अर्धवट टाकून ते परतले.

त्या दोन झाकणांमागे एवढं काय होतं, हे कळायला विमानाच्या पोटात शिरावं लागतं. जेट इंजिनाला ध्वनीपेक्षा वेगानं येणारी हवा चालत नाही. कॉम्प्रेसरच्या पात्यांना ती ध्वनिवेगाच्या साधारण निम्म्यानं, शांत आणि सारखी आलेली लागते. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगानं, म्हणजे वरच्या थंड हवेत ताशी सुमारे 2,100 किलोमीटरनं चाललेलं. समोरची हवा काही फुटांच्या अंतरात एवढी मंद करायची आहे. ती हळूहळू मंद होत नाही. आघात तरंगातून जाताना एका झटक्यात तिचा वेग उतरतो, दाब चढतो, आणि त्या झटक्यात तिच्या ऊर्जेचा काही भाग फुकट जातो. वेग ध्वनीच्या दुप्पट असताना एकच सरळ आडवा तरंग वापरला, तर एकूण दाबाचे 28 टक्के गमवावे लागतात. तिप्पट वेगाला दोनतृतीयांश दाब जातो. तोंडात शंकू बसवला की त्याच्या टोकापासून एक तिरका तरंग निघतो, हवा तिथं थोडी मंद होते, मग दुसरा आडवा तरंग सौम्य पडतो. दोन पायऱ्यांनी उतरल्यामुळे नुकसान दहा टक्क्यांच्या आसपास येतं. हे गणित कागदावर फार सुंदर दिसतं. शंकूला पृष्ठभाग असतो, तिथं ते बिघडतं.

पाचगणीच्या टेबललँडवर मधोमध उभं राहिलं की वारा अंगावर येतो. तिथंच पालथं पडून गाल जमिनीला लावला, तर तोच वारा डोक्यावरून जातो. जमिनीला लागून असलेली हवा जवळपास थांबलेली असते, वरची आपल्या वेगात असते, आणि या दोहोंच्या मधल्या थराला सीमास्तर म्हणतात. पठारावर तो पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर जातो, विमानाच्या शंकूवर काही मिलिमीटरांचा असतो. त्या मिलिमीटरांत सगळी गोम आहे. थराचा वरचा भाग ध्वनीपेक्षा वेगवान, पृष्ठभागाला चिकटलेला भाग ध्वनीपेक्षा मंद. वेगवान हवेत मागची खबर पुढे पोहोचत नाही, मंद हवेत पोहोचते. त्यामुळे आघात तरंगामागचा चढलेला दाब या चिंचोळ्या वाटेनं पुढे झिरपतो. आधीच दमलेली ती हवा त्या दाबानं टेकीला येते, फुगते, पृष्ठभाग सोडते, आणि तिथं उलट्या फिरणाऱ्या हवेचा एक फुगवटा तयार होतो. तरंगाचा पायथा दुभंगतो. आत जाणारा प्रवाह एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला विरळ होतो, आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांना तो सोसत नाही.

यातली गमत अशी की तरंग आणि सीमास्तर या दोन्ही गोष्टी एकाच घरातून आल्या होत्या. 1904च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रान्टल या तरुण प्राध्यापकानं सीमास्तराची कल्पना मांडली. त्यांचा निबंध आठ-नऊ पानांचा होता. नंतर ते ग्योटिंगेनला गेले आणि तिथं त्यांच्या हाताखाली टेओडोर मायर या विद्यार्थ्यानं तिरक्या आघात तरंगाचं गणित सोडवलं. मायरचा प्रबंध 1908चा. म्हणजे चार वर्षांच्या आत दोन्ही कल्पना एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. तरी त्यांची गाठ घालायचं काम पुढची तीस वर्षं कुणी केलं नाही. प्रान्टल यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हाची विमानं ताशी शंभर किलोमीटरला धापा टाकत होती, ध्वनिवेग तोफगोळ्यांचा विषय होता.

मायरचा प्रबंध आला त्याच वर्षी, ऑक्टोबर 1908मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावात विष्णू माधव घाटगे जन्मले. हा निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नये. पण पुढे घाटगे ग्योटिंगेनला प्रान्टल यांच्याकडे जाऊन बसले आणि 1936 साली त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट घेऊन आले, हा योगायोग नव्हे. त्या काळी विमानविद्या शिकायची तर जगात त्याहून थोर जागा नव्हती. पारतंत्र्यातल्या देशातून, गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातून निघून तिथवर पोहोचलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात शोधूनही सापडत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940मध्ये बंगळुरूला विमान कारखाना काढला, 1942मध्ये तिथल्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला. दोन्हीकडे घाटगे सुरुवातीपासून होते. विभागाचं सुकाणू आधी त्यांच्याच हाती होतं. पुढे कारखान्यात त्यांच्या चमूनं एचटी-2 हे पहिलं भारतीय प्रशिक्षण विमान बांधलं, ते ऑगस्ट 1951मध्ये उडालं.

एचटी-2 पंख्याचं विमान. त्याला आघात तरंगाशी देणंघेणं नव्हतं. ग्योटिंगेनचा शिष्य इतक्या साध्या विमानावर का थांबला, असं कुणी विचारील. माझ्या मते त्यानं योग्य केलं. ज्या देशात साधं विमान आखणारे हात नाहीत तिथं आधी ते हात घडवावे लागतात.

तरंग आणि सीमास्तर यांची पहिली गाठ इटलीत पडली. रोमजवळच्या ग्विडोनिया इथं मुसोलिनीच्या राजवटीनं वेगवान हवेचा बोगदा बांधला होता. तिथं 1939-40च्या सुमारास अंतोनिओ फेरी नावाच्या तरुण संशोधकाला पंखांच्या नमुन्यांवर दिसलं की तरंग पडतो तिथं हवा पृष्ठभाग सोडते आणि हिशेबानं यायला हवा तो दाब येत नाही. फेरीची पुढची कथा चित्रपटाला शोभेल. 1943मध्ये इटली शरण आली, जर्मन फौजा शिरल्या, तेव्हा हा शास्त्रज्ञ महत्त्वाची कागदपत्रं घेऊन डोंगरात गेला आणि बंडखोरांच्या तुकडीत सामील झाला. पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेत न्यायच्या कामात मो बर्ग होता. हा बर्ग एके काळचा व्यावसायिक बेसबॉल खेळाडू, तेव्हा अमेरिकेचा हेर.

ग्योटिंगेनमध्ये त्याच सुमारास क्लाउस ओसवाटिच हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्षेपणास्त्रांसाठी इंजिनाची तोंडं तपासत होता. अनेक तिरके तरंग एकामागोमाग रचले तर दाब कमी वाया जातो, हे त्यानं 1944च्या अहवालात दाखवलं. एफ-104 काय, मिग काय, त्यांच्या शंकूंचं मूळ त्या अहवालात आहे. आणि ओसवाटिचला आणखी एक गोष्ट दिसली. आत जाणारी हवा एका मर्यादेखाली आणली की तोंडापुढचा तरंग थरथरायला लागतो, पुढे सरकतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. पुढे या थरथरीला बझ असं नाव पडलं. विमानात ती सुरू झाली की वैमानिकाला आधी आवाज येतो, मग हादरे बसतात, आणि त्यातच इंजिन विझू शकतं. अमेरिकेत पोहोचलेल्या फेरीनं 1951मध्ये लुई नुची या सहकाऱ्याबरोबर तिचं एक कारण शोधून काढलं. दोन तरंग जिथं मिळतात तिथून वेगवेगळ्या वेगाच्या हवेची एक सरहद्द निघते, ती तोंडाच्या ओठाखालून आत शिरली की थरथर सुरू होते. दुसरं कारण म्हणजे शंकूवरून सुटलेला सीमास्तर.

या सगळ्यात भारताचा संबंध कॅलिफोर्नियात आला. लाहोरला शिकलेले सतीश धवन बंगळुरूच्या विमान कारखान्यात वर्षभर काम करून अमेरिकेला गेले, आणि कॅलटेकमध्ये हान्स लीपमन यांच्या हाताखाली पोहोचले. लीपमन, अनातोल रोश्को आणि धवन या तिघांनी एक सरळ प्रश्न घेतला. सपाट पाटावर तिरका आघात तरंग सोडला तर तो कसा परततो? पाठ्यपुस्तक सांगत होतं की आरशावरून उजेड परततो तसा. पाटावर सीमास्तर असतो हे पुस्तकानं लक्षात घेतलं नव्हतं. तिघांनी एकच तरंग दोन वेगळ्या सीमास्तरांवर सोडला. एक थर संथ, सुतासारखा सरळ वाहणारा, दुसरा खळबळता. संथ थर तरंग पोहोचायच्या कितीतरी आधीच फुगला आणि पाट सोडून निघाला. खळबळत्या थरानं तग धरला, गडबड त्याच्यावर थोड्याच जागेत आटोपली. वरवर पाहता उलट वाटतं, शिस्तीतला थर टिकायला हवा. पण खळबळीत वरची जोरकस हवा सतत खाली, पृष्ठभागाकडे येत राहते, आणि तीच पुढे सरकायचं बळ देते. या कामाचा अहवाल अमेरिकेच्या एनएसीए या सरकारी संस्थेनं 1952मध्ये अहवाल क्रमांक 1100 म्हणून छापला. या विषयाच्या यादीत त्याला आजही वगळता येत नाही. अहवाल छापून येण्याआधीच, 1951मध्ये, धवन बंगळुरूला परतले होते आणि इन्स्टिट्यूटमध्ये देशातले पहिले सुपरसॉनिक बोगदे उभारत होते. त्यातला एक एवढा छोटा, की त्याच्या कामाच्या भागाची मापं इंचांत सांगायची, एक बाय तीन.

म्हणजे पन्नाशीच्या दशकात प्रश्न नेमका कुठं आहे हे जगात ज्या मोजक्या लोकांना ठाऊक होतं त्यांतला एक बंगळुरूत होता. त्याच गावात 1956मध्ये जर्मनीचे कुर्ट टँक येऊन मरुत विमान आखायला लागले. मरुतच्या बगलांतही अर्धे शंकू होते, अंगाला चिकटून येणारी मंद हवा तोंडात शिरू नये म्हणून मध्ये फटही सोडलेली होती. जून 1961मध्ये ते उडालं. त्याला हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन मात्र कधीच मिळालं नाही, आणि दुप्पट ध्वनिवेगाचं स्वप्न पाहिलेलं ते विमान आडव्या उड्डाणात ध्वनिवेगाच्या आसपासच घुटमळलं. त्याचे शंकू आयुष्यभर जवळजवळ बिनकामाचे राहिले. जानेवारी 1970मध्ये जादा जोर देणाऱ्या रीहीटची मरुत चाचणीला नेताना ग्रुप कॅप्टन सुरंजन दास अपघातात गेले.

आणि मग नाशिक. मिग-21 घ्यायचं मेनन यांच्या काळातच, ऑगस्ट 1962मध्ये ठरलं होतं. विमानं विकत घ्यायची आणि पुढे इथंच बांधायची असा तो करार. अमेरिकेचा नकार आल्यावर चव्हाणांनी 1964मध्येच मॉस्कोची वाट धरली आणि कराराला वेग आला. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी झाली. 1963च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं चव्हाणांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं. कारखाना ही त्या बिनविरोधाची परतफेड, असं नाशिककर हसत सांगतात, आणि त्यात काही तथ्य असेलही. द्राक्षं आणि कांद्याच्या निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, धावपट्टी आणि वसाहत उभी राहिली.

ओझरला जी विमानं जुळायला लागली त्यांच्या नाकातच तोंड होतं आणि तोंडात शंकू. आधी रशियाहून तयार आलेल्या मिगमध्ये शंकू तीन ठरावीक जागी थांबायचा. ओझरला बांधलेल्या एफएल प्रकारात तो वेगानुसार आपोआप पुढे-मागे सरकायचा, कारण टोकाचा तिरका तरंग ओठावर नेमका पडला पाहिजे. तो आत पडला तर गोंधळ, फार बाहेर गेला तर हवा वाया. शंकूच्या पोटात रडार. शंकूचा मागचा भाग नाकात जिथं शिरतो तिथं सभोवार एक फट, आणि नाकाच्या वर एक, खाली एक अशी बाहेर पडायची दोन भोकं. शंकूवर जमलेली दमलेली हवा त्या फटीतून खेचली जाऊन वर-खाली बाहेर फेकली जाते, इंजिनाकडे जातच नाही. लॉकहीडनं पत्र्याखाली झाकलेली युक्ती हीच, फक्त रशियन हातानं. शिवाय नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक झडप. वेगात असताना वैमानिकानं थ्रॉटल एकदम मागे घेतला, इंजिनाला हवा नकोशी झाली, की झडपा उघडून जास्तीची हवा बाहेर सोडायची आणि सर्ज, म्हणजे कॉम्प्रेसरमधली हवा उलटणं, टाळायचा. ओझरच्या कामगारानं ही फट घासून काढली, तिची मापं तपासली, तिच्यावर सहीशिक्का मारला. फट अमुक रुंदीचीच का, हे मात्र नकाशात लिहिलेलं नसतं.

परवान्यानं केलेल्या उत्पादनाचं हे जुनं दुखणं आहे. उत्तर घरी आलं, प्रश्न मॉस्कोतच राहिला. ज्या धवनांना प्रश्न ठाऊक होता ते ओझरपासून हजार किलोमीटरवर होते, आणि त्या काळात विद्यापीठ आणि कारखाना यांच्यात त्याहून लांब अंतर होतं. तरी ओझरला कमी लेखू नये. ऑक्टोबर 1970मध्ये कच्च्या मालापासून इथंच घडवलेलं मिग-21 हवाई दलाच्या हाती गेलं. मापात काटेकोर राहणाऱ्या हातांची एक अख्खी पिढी त्या फटीनं आणि त्या शंकूनं तयार केली.

डिसेंबर 1971च्या भारत-पाक युद्धात कच्छच्या आखातावर स्टारफायटर आणि मिग यांची तोंडं एकमेकांसमोर आली. 12 तारखेला जामनगरच्या बाजूला पाकिस्तानच्या एका स्टारफायटरचा पाठलाग करून फ्लाइट लेफ्टनंट भरतभूषण सोनी यांनी ते मिग-21 एफएलमधून पाडलं. वर्तमानपत्रांनी दोन सुपरसॉनिक विमानांची झुंज म्हणून गाजवलं, ते खोटं नव्हतं. पण झुंज समुद्राच्या पाण्याजवळ, जाड हवेत झाली. दुप्पट ध्वनिवेग तिथं दोघांनाही शक्य नव्हता, आणि ज्या शंकूंसाठी एवढा आटापिटा केला ते त्या दिवशी फारसे कामात आलेच नाहीत. हवाई दलालाही हा धडा हळूहळू मिळाला असावा. ऐंशीच्या दशकात ओझरला मिग-27 जुळायला लागलं, त्याच्या तोंडाच्या सरकत्या भिंती मुळात काढूनच टाकलेल्या होत्या. जमिनीलगत उडणाऱ्या विमानाला त्यांचं वजन कशाला?

दरम्यान बंगळुरूत नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीचा चार फुटी बोगदा 1967पासून चालू होता. साठवलेली दाबाची हवा सोडायची, काही सेकंद वाहू द्यायची, तेवढ्यात मोजायचं. तिथल्या पी. आर. विश्वनाथ यांनी 1988मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘साधना’ या नियतकालिकात आघात तरंग आणि खळबळता सीमास्तर यांच्या झटापटीवर आणि ती आवरण्याच्या उपायांवर जगभरच्या कामाचा सविस्तर आढावा घेतला. शोषून घेणं हा उपाय जुना आणि खात्रीचा, पण महाग. जी हवा बाहेर फेकली तिच्यासाठी विमानानं आधीच इंधन जाळलेलं असतं. म्हणून पृष्ठभागावर इवल्या पाचरी बसवून थर घुसळायचा, म्हणजे धवनांच्या पाटावर जो खळबळता थर टिकला तसा तो मुद्दाम करायचा, हा उपाय पुढे आला. नंतर अमेरिकनांनी तोंडापुढे फक्त एक फुगीर उंचवटा ठेवून सीमास्तर बाजूला ढकलायची युक्ती काढली आणि 1996मध्ये एफ-16 विमानावर उडवून पाहिली. फट नाही, झडप नाही.

ओझरला शंकू पुन्हा आला तो विमानाच्या पोटाखालून. सुखोई-30ला ब्रह्मोस क्षेपणास्त्र जोडण्याचं काम तिथं झालं आणि जून 2016मध्ये क्षेपणास्त्रासह पहिलं उड्डाण ओझरहून झालं. ब्रह्मोसच्या रॅमजेटला कॉम्प्रेसर नाहीच. हवा दाबायचं सगळं काम नाकातला शंकू आणि त्याचे तरंग करतात, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगानं. तिथं थर सुटला तर पाठीमागं सावरून घेणारं काही नाही.

26 सप्टेंबर 2025ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथं जुळलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. त्याच्या तोंडात शंकू नाही, सरकता भाग नाही. तोंड अंगापासून जरा दूर ठेवून मधल्या फटीतून मंद हवा वाहून जाऊ दिली आहे, आणि दुप्पट ध्वनिवेगाचा हट्टही सोडला आहे. तोंडाचा तो आकार इथल्याच लोकांनी ठरवला. इंजिन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं आहे, आणि त्या वर्षी विमानं किती लवकर हवाई दलाकडे जातील हे ओझरच्या वेगापेक्षा त्या इंजिनांच्या तारखांवर अवलंबून होतं.